आमोस मास्तर आणि धुळाची मेंढरे

बोरमाळ गावाच्या उत्तरेला, जिथे काळी जमीन संपून मुरमाड माळ सुरू होतो, तिथे शिमोनबाबांनी प्रभूच्या नावाने एक घर बांधले होते. घर म्हणजे एका ओळीत बारा खोल्या, मध्ये एक स्वयंपाकघर, पुढे अंगण आणि टोकाला कौलारू प्रार्थनाघर. बाबा अविवाहित होते. त्यांच्यासोबत तिथे अकरा ख्रिस्ती कुटुंबे राहत. शेत सगळ्यांचे, चूल सगळ्यांची, पंगत एक. ज्यांना कुठेच थारा नव्हता ते इथे आले आणि बाबांनी कोणाला 'तू कोण' म्हणून विचारले नाही.

धुळाला तर त्यांनी उचलूनच आणले होते. धुळा जातिवंत मेंढपाळ. दोन वर्षांपूर्वी वाटेत त्याची लेक रुती धापेने काळीनिळी पडली, तेव्हा बाबांनी तिला छातीशी धरून माळ ओलांडला होता. पुढे धुळा, त्याची बायको आणि लेक अशा तिघांचा बाप्तिस्मा झाला. धुळाचा दानीएल झाला, पण त्या नावाने हाक मारली तर तो मागे वळून बघे, दुसऱ्याच कोणाला बोलावले असावे म्हणून. त्याची बायको मार्था मात्र तिथे रुळली. कोरड्या, बंद खोलीत झोपायला मिळाल्यापासून पोरीची धाप उठली नव्हती. त्या माउलीला याहून मोठे काय हवे होते!

धुळा रुळला नाही. वर्षाचे दहा महिने तो ठीक असे. दिवाळी झाली, माळावरचे गवत पिवळे पडून मोडू लागले, सकाळी वारा पूर्वेकडून सुटू लागला, की त्याच्या पायांत काहीतरी शिरे. बापजाद्यांपासून या दिवसांत त्यांचा वाडा, म्हणजे मेंढपाळांची आठ-दहा बिऱ्हाडे, सह्याद्रीचा घाट उतरून कोकणात जायचा. तिथे भाताची खाचरे मोकळी होतात, मेंढरांना चारा मिळतो. गेल्या साली धुळाची तीस मेंढरे त्याचा भाऊ बिरू आपल्याबरोबर घेऊन गेला होता. यंदा बिरूचा निरोप आला: "माझं पोर आजारी हाय. तुझी तू हाक. शनवारी सकाळी वाडा घाटाला लागंल. आलास तर भाऊ, न्हाई तर राम राम."

अडचण घराच्या नियमाची होती. बाराही खोल्या भरलेल्या होत्या आणि बाहेर माणसे वाट बघत, म्हणून सर्वांनी मिळून ठरवले होते की ज्या कुटुंबाचा कर्ता हात सात दिवस शेतावर नसेल, त्याने खोली मोकळी करायची. धुळा सहा महिने कोकणात गेला तर मार्था आणि रुती उघड्यावर. न गेला तर तीस मेंढरे पौषापर्यंत माळावर मरून पडणार.

हा नियम ज्यांनी लिहिला, ते घराचे कारभारी आमोस मास्तर. मास्तर विद्वान होते, यात शंका नाही. रविवारी उपदेशाला उभे राहिले की बायका पदराने डोळे पुसत. चांगल्या मेंढपाळाचा दाखला तर ते असा रंगवत की ऐकणाऱ्याला मेंढरू खांद्यावर घ्यावेसे वाटे. पण खरे मेंढरू अंगणात आले की मास्तर नाकाला रुमाल लावत.

बुधवारी दुपारच्या पंगतीला धुळाने नियमाची गोष्ट काढली.

मास्तर हसले. "अरे, आपल्या मंडळीत कळप सांभाळणारे पाळक असतात हे ठाऊक होतं. हा पहिला पळका! वारा फिरला की पळाला. दानीएल, मेंढरं विक आणि माणसांत ये. किती दिवस त्या लेंड्यांत लोळणार?"

पंगतीत दोघे-चौघे हसले. मार्थाने मान खाली घातली.

"मास्तर," बाबा वाटीतले कालवण संपवत सहज म्हणाले, "तुमचं नाव ज्या संदेष्ट्यावरून ठेवलं, तो संदेष्टा व्हायच्या आधी काय करत होता?"

मास्तरांचा घास थांबला. "शास्त्रात आहे, बाबा."

"आहे. पण काय आहे?"

"मेंढरं... राखत होता."

या वेळी सगळी पंगत हसली. बाबांना तसे हसू नको होते. ते लगेच उठले. पण बाण लागायचा तो लागला. त्या घटकेपासून मास्तरांच्या मनात धुळाबद्दल अढी बसली.

संध्याकाळी धुळा बाबांच्या पायाशी जाऊन बसला. "बाबा, तुमी नुसतं म्हना. तुमचा शब्द कोन मोडंल?"

"सगळ्यांनी मिळून केलेला नियम मी एकट्यानं मोडला, तर उद्या हे घर माझं होईल लेकरा. आज ते प्रभूचं आहे." बाबांनी प्रार्थनाघराकडे पाहिले. मग म्हणाले, "तीन दिवस थांब."

"तीन दिस? शनवारी सकाळी तर वाडा जातोय, बाबा!"

"ठाऊक आहे. शनिवारी सांजेपर्यंत थांब. मग जा म्हणालो तर जा."

का थांब, हे बाबांनी सांगितले नाही आणि धुळानेही विचारले नाही. त्याने फक्त मान हलवली. ज्या हातांनी लेक वाचवली, त्या हातांचा शब्द होता तो!

पण थांबणे त्याला येतच नव्हते. गुरुवारी त्याने चार वेळा बोचके बांधले आणि चार वेळा सोडले. शुक्रवारी शेतात तूर खुरपताना तो दर काकरीला उभा राहून पश्चिमेकडे बघे. भाकरी गिळेना. रात्री मार्थाने विचारले, "आवो, जीव लागत न्हाई का तुमचा हितं? आमच्यात?"

"लागतो गं. त्योच तर लागतो. पर पाय ऐकत न्हाईत."

शनिवारी उन्हे वर आली तेव्हा दूर पश्चिमेला धुळीची एक रेघ उठली, सरकत सरकत डोंगराला भिडली आणि दिसेनाशी झाली. भाऊ गेला! घरामागे वाघुरीत, म्हणजे मेंढरे कोंडायच्या जाळ्यात, धुळाची तीसही मेंढरे त्याच दिशेला तोंड करून उभी होती.

मास्तर अंगणात येरझारा घालत होते. त्यांचाही जीव थाऱ्यावर नव्हता. त्यांची पत्नी सलोमीबाई माहेरी बाळंत झाली होती आणि आज चाळीस दिवसांचे तान्हे घेऊन बैलगाडीने परत यायची होती. त्या तगमगीत समोर धुळा दिसला.

"काय पळके, राहिलात? वाडा गेला, आता मेंढरं प्रार्थनाघरात चारणार का?"

धुळा वाघुरीकडे निघून गेला.

शिमोनबाबा सकाळपासून उपाशी होते. प्रार्थनाघराचे दार उघडे टाकून ते गुडघ्यांवर होते.

दुपार कलली आणि पूर्वेकडून आभाळ उठले. कार्तिकातले आभाळ, कोणाच्या ध्यानीमनी नाही! बघता बघता दिवस झाकोळला आणि लिंबाएवढ्या गारा कौलांवर आदळू लागल्या. दोन घटकांत माळ पांढरा झाला. गारांचा जोर जरा ओसरतो तोच अंगणात एक माणूस येऊन कोसळला. तो गाडीवान होता. कपाळ फुटले होते.

"मास्तर... गाडी वढ्यात उलटली. बैलं उधळली. बाईंचा पाय गाडीच्या धुरीखाली आडकलाय. मला एकट्याला उचलंना, म्हनून पळत आलो."

"कुठला ओढा? अरे, कुठला?"

गाडीवानाने डोळे मिटले, उघडले. डोक्याला मार लागलेला. "वढा... गारांनी काय दिसंना, बैलांनी वाट सोडली. फिरत फिरत आलो. मास्तर, न्हाई सांगता येत."

त्या माळावर सात ओढे होते, सारखेच खोल, सारखेच वाकडे. कडाक्याचा गारठा, दिवस उतरतीला आणि चाळीस दिवसांचे लेकरू. मास्तर ओरडतच फाटकाकडे धावले, परत आले, पुन्हा धावले. त्यांना दिशाच सुचेना.

इतक्यात घरामागून धुळाची आरोळी आली, "मेंढरं न्हाईत!"

मास्तर संतापले. "माझं घरदार गारांत पडलंय आणि याला मेंढरांची पडलीय!"

"मास्तर, तसं न्हवं. या हिकडं. बगा तर." धुळाने त्यांचा हात धरून ओढतच नेले. वाघूर एका बाजूने पडलेली होती आणि गारांच्या थरावर तीस मेंढरांचा माग सरळ पूर्वेकडे गेला होता, जिकडून वादळ आले तिकडे. "गार आली की मेंढरू ढुंगन फिरवतं आन् वाऱ्याबरूबर वाहत जातं. गारंकडं तोंड करून येक पाऊल टाकत न्हाई. माझ्या बापानं बगितलं न्हाई, आज्यानं बगितलं न्हाई. ही वाऱ्याच्या तोंडात गेल्यात, मास्तर. आन् पांगली न्हाईत. कुनाच्या तरी मागं चालावं तशी गेल्यात."

प्रार्थनाघराच्या दारात शिमोनबाबा उभे होते. चेहरा ओढलेला, डोळे शांत.

"धुळा, माग काढ," बाबा म्हणाले. "मास्तर, त्याच्यामागून जा. आज पुढे तो चालेल."

धुळा निघाला तो वाकून, जवळजवळ धावतच. मागे मास्तर, त्यांच्यामागे घरातले चार गडी. गारा पायांखाली फुटत होत्या. पहिला ओढा मागाने टाळला. दुसरा टाळला. तिसऱ्याच्या काठाने माग पाव कोस गेला आणि उलट फिरून चौथ्यात उतरला. मास्तर दोनदा घसरून पडले. वहाणा कुठे गेल्या त्यांना कळले नाही. "प्रभू, प्रभू," एवढेच त्यांच्या तोंडी होते. इतकी वर्षे उपदेश केलेल्या माणसाला त्या वेळी दुसरा शब्द सुचला नाही.

चौथ्या ओढ्याच्या वळणावर धुळा थबकला.

खाली गाडी आडवी पडली होती. तिच्या आडोशाला तीसही मेंढरे अंगाला अंग लावून, एकात एक दाटून बसली होती. त्यांच्या पाठींवर गारांचा थर होता आणि मधोमध, लोकरीत गळ्यापर्यंत बुडालेली सलोमीबाई. तिच्या कुशीत लेकरू. मास्तरांनी दुपटे बाजूला केले. लेकराचे पाय गरम होते! ते झोपले होते.

चौघांनी धुरी उचलली. पाय सुजला होता, मोडला नव्हता. सलोमीबाईने धुळाकडे बघितले आणि तिला रडू फुटले.

"धुळादादा, एवढा वेळ कुठं गेला होतात हो?"

"कोन, मी?"

"तुम्हीच की! मेंढरांना घेऊन आलात, माझ्याभोवती बसवलीत. मी हाका मारल्या तर बोलला नाहीत. हात असा वर केलात, आणि काठ चढून गेलात."

"वयनी, मी आत्ता येतोय. मास्तर हायेत साक्षीला."

"मग ते कोण होते? कांबळं डोक्यावरून घेतलेलं, मला तोंड दिसलं नाही. पुढं चालत हाळी देत होते आणि ही मागून येत होती."

"काय हाळी दिली?" धुळाने हळूच विचारले.

सलोमीबाईने आठवून तोंडाने ती हाळी काढली. तीन लांब सूर, शेवटचा खाली उतरणारा. ते सूर निघाले मात्र, आणि तीसही मेंढरांनी एकदम माना वर केल्या.

त्याची हाळी जिभेवर घोळवायची, आखूड. बिरूची वेगळी. वाड्यातल्या साऱ्या हाळ्या त्याच्या कानांत होत्या. ही त्यांतली एकही नव्हती.

"ही आमच्यातल्या कुनाची हाळी न्हवं," तो म्हणाला. मग गोंधळून मास्तरांकडे वळला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, त्याला खरोखरच उमगत नव्हते. "मास्तर, परक्याच्या हाळीला मेंढरू जात न्हाई. जीव गेला तरी जात न्हाई. मग ही कशी गेली? त्यो... परका न्हवता म्हनायचा का?"

मेंढरे आपल्या मेंढपाळाचा आवाज ओळखतात, परक्यामागे जात नाहीत, हाच प्रभूचा दाखला मास्तरांनी आयुष्यात कितीदा सांगितला असेल! त्याचा अर्थ विचारायला आज एक अडाणी मेंढपाळ त्यांच्यापुढे उभा होता.

सांजेला सगळे घरी पोहोचले. सलोमीबाई आणि बाळ चुलीजवळ निजली. मास्तर तसेच चिखलाच्या पायांनी प्रार्थनाघराच्या दारात गेले आणि शिमोनबाबांपुढे वाकले. बाबांनी पाय मागे घेतले.

"मी तर दिवसभर इथेच गुडघ्यांवर होतो, मास्तर," बाबा म्हणाले. मग अंगणात वाघूर पुन्हा बांधत असलेल्या धुळाला त्यांनी हाक मारली. "धुळा, सांज झाली. तुझे तीन दिवस पुरे झाले. आता जा. पहाटे निघालास तर वाडा घाटात गाठशील."

धुळाचे हात थांबले. "आन् मार्था? रुती? खोली, बाबा?"

बाबा मास्तरांकडे बघत राहिले.

मास्तर अंगणात आले. "नियम आहे तसाच राहील," ते म्हणाले. मार्थाने पोरीला जवळ ओढले. "कुटुंबामागे एक हात शेतावर हवा. धुळाजी, तुम्ही परत येईपर्यंत तो हात माझा. माझ्या वाटचं करीन आणि तुमच्याही वाटचं."

"मास्तर, तुमी? खुरपं कसं धरत्यात ते तरी..."

"शिकवून जा."

इतके म्हणून मास्तर वाकू लागले. धुळा घाबरून मागे सरला. "आवो, काय करताय! पायाला लेंड्या लागल्यात, मास्तर!"

"लागू देत," आमोस मास्तर म्हणाले आणि साऱ्या घरादेखत त्यांनी त्या पायांवर डोके टेकवले.

ज्याची हाळी मेंढरांनी ओळखली, त्या थोर मेंढपाळाची कृपा ऐकणाऱ्यांवर आणि त्यांच्या लेकराबाळांवर राहो.