सर्वग्रासाचा श्वास

ज्या काळी पर्वतांना नुकतीच स्थिरता लाभली होती आणि नद्या अजून आपापल्या वाटा ठरवीत होत्या, त्या कृतयुगाच्या आरंभी शोणा नामक रक्तवर्णी, उष्णजला नदीच्या असंख्य फाट्यांवर शोणपुरी वसली होती. तिच्या रक्षणासाठी अस्थिधन्वा ऋषींनी आपल्या शुभ्र गुहेतल्या आश्रमात एक महाकाय शिष्य वाढवला. त्याचे नाव सर्वग्रास. परका दिसला की गिळायचा आणि नगरीच्या पडक्या भिंती बांधून द्यायच्या, ही त्याची दोन व्रते. गिळण्यापूर्वी मात्र समोरच्याच्या अंगावर हात ठेवून "तू कोणाचा?" असे विचारायची रीत होती, आणि "शोणपुरीचा" असे उत्तर आले की वज्रासारख्या दाढांच्या या शिष्याने हात जोडून मागे सरायचे.

आता या रीतीनेच कसा घात केला पाहा. शोणपुरीतच जन्मलेला दुर्वर्ध नावाचा एक नागरिक वाढू लागला तो थांबेचना. त्याने गल्ली व्यापली, चौक व्यापला. सर्वग्रासाने हात ठेवून विचारले, तेव्हा तो हसून म्हणाला, "शोणपुरीचा." खोटे थोडेच होते ते? उलट त्याच्याबरोबर फुगलेल्या त्याच्या घराच्या भिंतींना तडे गेलेले पाहून या भोळ्या वीराने त्या लिंपून दिल्या, वर शोणेचा एक पाट खणून थेट त्याच्या दारात सोडला. झाले, दुर्वर्ध घटाघटा नदी पिऊ लागला. खालच्या वस्त्या पांढऱ्याफटक पडल्या, आणि आपणच नगरीच्या गळ्याला नख लावले हे कळताच सर्वग्रासाच्या पायांखालची जमीन सरकली.

तो त्याला गिळायला धावला खरा, पण डोंगर का घशात मावतो? अखेर त्याने गुरूंचे चरण धरले.

"भगवन्, ज्याला मी पोसले त्याला मारण्याचे सामर्थ्य द्या. नाहीतर ही नगरी माझ्या डोळ्यांदेखत मरेल."

"वत्सा, न गिळताही मारता येते," ऋषी म्हणाले. "माझ्या दूतीचा शंख ऐकशील, तेव्हा तुझा श्वास विषाग्नी होईल. शत्रूला कवटाळून तो त्याच्यावर सोड. परंतु नगरीच्याच लेकरावर तू हात टाकणार, म्हणून हा शापही घे: त्या अग्नीला आपला-परका कळणार नाही. शेजारची घरेही होरपळतील."

शंख निनादला. सर्वग्रासाची काया प्रलयमेघासारखी फुलली आणि त्याने दुर्वर्धाला मिठी घातली. पण श्वास काही सुटेना. कारण भिंतीला भिंत लागून स्निग्धा नावाची वृद्धा राहत होती, जिच्या ओसरीवर बसून त्याने कितीदा ताक प्यायले होते. त्याचे डोळे भरून आले.

दुर्वर्धाने ते हेरले. "फुंक की. आधी म्हातारीच जळेल."

तेवढ्यात स्निग्धाच दारात येऊन उभी राहिली. "बाळा, हे घर आज वाचले तरी उद्या हा गिळणारच आहे. लेकरे मी खालच्या वस्तीत धाडली आहेत. माझ्यासाठी अडून राहू नकोस. फुंक."

मग सर्वग्रासाने श्वास सोडला. तो दाहक, सर्वभेदी विषवायू दुर्वर्धाच्या रोमरोमांत शिरला, त्याच्या फुगीर भिंती आतून विरघळल्या, आणि ज्याच्यापुढे सगळ्या नगरीने हात टेकले होते तो दुर्दम असुर चिखलाच्या ढिगासारखा खाली बसला. कोंडलेली शोणा उसळून वस्त्यावस्त्यांतून धावली. दुंदुभी वाजल्या, गुढ्या उभ्या राहिल्या, पांढऱ्या पडलेल्या मुखांवर लाली चढली. स्निग्धेचे घर मात्र जळून गेले होते, आणि ती भाजल्या हातांनी राखेत उभी राहून हसत होती.

सर्वग्रास तिच्या पायांवर कोसळला. त्या क्षणी साक्षात शोणादेवी प्रवाहातून प्रकटली आणि म्हणाली, "स्निग्धे, तू सोसलेला दाह व्यर्थ जाणार नाही. यापुढे प्रत्येक देहात जिथे जिथे हा वीर लढेल, तिथली जागा लाल होईल, तापेल, सुजेल, ठणकेल. आणि तीच विजयाची खूण ठरेल."

तेव्हापासून देहधारी प्राणी त्या सुजेला नावे ठेवतात, कण्हतात, लेप लावतात. शोणपुरीत तिला स्निग्धेचा मान म्हणतात.