धाकट्या पळसाचा शेंडा

फार वर्षांमागं एका टेकडीवर पळसाची चार झाडं होती, सख्ख्या बहिणीच. नदीपलीकडच्या पाखरांना लांबून लाल दिसावं म्हणून चौघींनी आपापला शेंडा आधी फुलवायचा, अशी रीत होती.

सगळ्यांत मागची धाकटी एकदा म्हणाली, "मी नाही फुलवणार बाई! पाखरं पुढंच मध पिऊन पोट भरतात, माझ्या फुलांना शिवतही नाहीत. ती शिवल्याशिवाय शेंग कशी धरणार? माझ्या शेंगांचं काय?"

"नको फुलवू, तुझ्यावाचून अडलंय का?" थोरली फणकारली.

पण लाली कमी पडली. पाखरं दुसऱ्याच डोंगरावर गेली आणि कुणालाच शेंग धरली नाही.

पुढच्या वर्षी थोरली म्हणाली, "धाकटे, शेंडे चौघींनी फुलवू. पण खालची फुलं आधी तू उघड. आम्ही दोन दिवस थांबतो."

धाकटी भीतभीतच फुलली. पहिली मैना तिघींना ओलांडून तिच्या फांदीवर बसली.

"पी गं पोटभर," धाकटी म्हणाली, "आणि परवा माझ्या बहिणींकडंही जा."