फळीसारखं पोट

"…मग मला ऑपरेशनला उभं कधी करणार, सर?"

शार्दूल नाईकनवरेने वॉर्डच्या दारातच विचारलं. तो इंटर्न होता. सर्जरीच्या सीटसाठी प्रवेशपरीक्षा देणार होता. सराव-परीक्षांत कायम पहिला यायचा, आणि ते लपवत नसे.

डॉ. केळुस्कर त्या तालुक्याच्या रुग्णालयातले म्हातारे सर्जन. कमी बोलायचे.

"आधी हिला बघ."

कॉटवर तस्लीम होती. शिवणक्लासला जाणारी मुलगी. पहाटेपासून पोटात दुखतंय म्हणून मामी घेऊन आली होती.

शार्दूलने पोट दाबलं. ती कळवळली.

"फळीसारखं कडक आहे, सर. आत पू पसरला असणार. उघडावंच लागेल. थिएटर तयार ठेवायला सांगू?"

तस्लीमने मामीचा पदर घट्ट धरला.

"कापणार काय मला?"

केळुस्कर स्टुलावर बसले. तळवे एकमेकांवर चोळले. एक तळवा तिच्या पोटावर नुसता ठेवला.

"गाव कुठलं?"

"दाभोळ."

"फेरीबोट चालू आहे ना?"

"हाय. भरतीला लय हलते."

"भीती वाटते?"

"मला नाय. मामीला वाटते."

मामी हसली. केळुस्कर ऐकत राहिले. शार्दूल घड्याळाकडे बघत राहिला…

हळूहळू तस्लीमचा श्वास संथ झाला.

"आता तू बघ."

शार्दूलने सफाईने दाबलं. तिने अंग चोरलं.

"कडकच आहे, सर."

"मी बघितलं तेव्हा मऊ होतं."

शार्दूलचे कान तापले.

"मग खरं कुठलं?"

केळुस्कर स्टुलावरून उठले. "बस."

तो बसला. न दाबता हात ठेवून राहिला. एवढी पुस्तकं पाठ, पण पेशंटशी काय बोलावं हे त्यांत नव्हतं…

"बोटीत… चहा मिळतो का?"

"चहा? बोटीत?"

तस्लीम खुदकन हसली. त्याच क्षणी पोट सैल पडलं. शार्दूलला ते कळलं. त्याने जपून, खोलवर चाचपलं. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

थिएटर लागलं नाही. केळुस्करांनी तिला देखरेखीखाली ठेवून घेतलं, तपासण्या केल्या. दुसऱ्या दिवशी ती मामीबरोबर चालत घरी गेली.

त्या दुपारी शार्दूल बेसिनपाशी सरांच्या मागे येऊन उभा राहिला.

"सर, मी खोटं नव्हतो बोललो. मी दाबलं तेव्हा खरंच लागलं होतं… फळीसारखं."

"लागलं असणार."

"मग ते काय होतं?"

केळुस्करांनी नळ बंद केला.

"तुझा हात."