आवडीची लंगडी बेगडी

“म्हाताऱ्याला एवढ्यात सांगू नका. अवसेचं उधाण जाऊ दे, मग दगड काढूनच घेऊ.”

शब्द कुडापलीकडून आले. बोलणारा गोमा कारभारी, गावच्या उघाडीचा मुख्य. ऐकणारे त्याचे दोघे-तिघे सोबती. आणि जिनं ऐकायला नको होतं ती कुडाच्या अलीकडे शेणात हात घालून अंगण सारवत होती. तिचं नाव आवडी. लग्न होऊन चार महिने झाले होते. या चार महिन्यांत ती इतकं कमी बोलली होती, की ती शेजारी बसलीय की पाटा-वरवंटा ठेवलाय हे कुणाच्या ध्यानातच राहत नसे. त्यामुळे गावातलं पुष्कळ काही तिला ठाऊक होतं.

“सून तरी कामाची आणायची,” त्यातला पोशा म्हणाला. “आणली कोण, तर बेगड चिकटवणारी!”

सगळे हसले आणि निघून गेले. आवडीनं सारवण पुरं केलं, पण त्या दिवशी अंगणाचा एक कोपरा दोनदा सारवला गेला.

ही गोष्ट फार वर्षांपूर्वीची, आपली खाडी आजच्याहून दोन पुरुष खोल होती तेव्हाची. शेंदरखारच्या शेतांना खारं पाणी शिवू नये म्हणून गावानं लांबलचक बांध घातला होता. बांधाला एक लाकडी दार होतं, ते म्हणजे उघाडी. भरतीच्या लोटानं ते आपोआप मिटे, ओहोटीला उघडे आणि शेतातलं पाणी खाडीत धो धो पडे. त्या पाण्याबरोबर बोईट नावाची बोटभर मासळी बाहेर येई, आणि बाहेर तिची वाट बघत जिताडा उभा असे. जिताडा म्हणजे खाडीचा राजा. त्याला गळानं धरायला उघाडीच्या तोंडाशी सात दगड होते, सात घरांचे सात. ज्याचा दगड त्यानंच तिथं बसायचं. दुसऱ्याच्या दोरीला हात लावायचा नाही. आणि ओळीनं तीन उधाणं, म्हणजे अवस-पुनवेच्या मोठ्या भरती-ओहोट्या, ज्याला जिताडा मिळाला नाही, त्याचा दगड दुसऱ्या घराला. पाणी कुणासाठी थांबत नाही, तसा हा नेमही कुणासाठी थांबत नसे.

सातवा दगड आवडीच्या सासऱ्याचा, धाकूचा. त्याची दोन उधाणं रिकामी गेली होती.

धाकूचे हात कापत. नुसते थरथरत नसत, चांगले लटलटा कापत. जिवंत बोईट गळाला टोचायचं तर ते त्याच्या हातून निसटून जाई. सासू यमूनं टोचून दिलं, तरी त्या कापऱ्यानं घटकेत मरून गळून पडे. मुलगा जोमा लग्नानंतर पंधरा दिवसांत मचव्यावर खलाशी म्हणून गेला होता, तो दिवाळीशिवाय परतायचा नव्हता. तरीही प्रत्येक ओहोटीला धाकू उठे, पागोटं बांधी, आणि “दगड वाट बघतोय गो,” म्हणून निघे. चाळीस वर्षं तो असाच निघत होता. तो दगड गेला तर हा माणूस सकाळी कशासाठी उठेल, हे आवडीला कुणी सांगायला नको होतं.

आता आवडी डोंगरपट्टीतली. खाडी तिनं लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. तिचा बाप शेती सांभाळून लगीनसराईत बाशिंगं करी. भेंड नावाच्या पाणवनस्पतीचा पांढरा, कापसासारखा हलका गाभा कोरायचा, त्यावर बेगड चिकटवायची, म्हणजे तो चकचकणारा पातळ पत्रा, आणि नवरदेवाच्या कपाळावर सूर्य उगवायचा. आवडीनं वयाच्या सातव्या वर्षी कोरायची पाती हातात धरली होती. सासरी येताना तिच्या पेटीत लुगडी दोन होती आणि भेंडाच्या कांड्या वीस. यमूनं ती पेटी उघडून पाहिली, मिटली, आणि देवाकडे बघून हात जोडले.

पौर्णिमा होऊन गेली होती. अवसेला बारा दिवस होते. त्याच संध्याकाळी आवडीनं पेटीतून पहिली कांडी काढली.

तिनं बोईट कोरलं. पोटाला बेगड, पाठीला काजळ, डोळ्याला गुंज. डावी बाजू उजवीला अशी मिळती, की दोन्ही एकाच आईच्या. बाप असता तर खूश झाला असता. दुसऱ्या दिवशी तिनं ते मागच्या डबक्यात सोडलं, तर खळ विरघळली, बेगड सुटली आणि पांढरं भेंड तेवढं उताणं तरंगत राहिलं.

“खेळणी करत्येस काय गो?” यमू म्हणाली. “पाळणा हलायच्या आधीच?”

होड्यांना लावायची राळ आवडी मागून घेऊन आली. राळ तेलात उकळून तिनं दुसऱ्या बोइटाला पुटं चढवली. ते सुटलं नाही, पण बुडालंही नाही. मग पोटात शिशाचा मणी घातला, तर नाकावर उभं राहिलं. मणी मागं सरकवला, तर भोवऱ्यासारखं गरगरलं. शेपटीला पीस हवं म्हणून घरच्या कोंबड्याकडे वळली. आठ दिवसांत त्या कोंबड्याची मागची बाजू अशी झाली, की तो लोकांसमोर यायला लाजू लागला.

पण आठव्या दिवशी जे बोईट तयार झालं, ते खऱ्याहून खरं होतं. असं म्हणतात, की तिनं ते वळचणीला वाळत घातलं तर खंड्या पक्षी झडप घालून घेऊन गेला. दुसरं केलं ते मांजरानं पळवलं, आणि तिसऱ्यावर यमूनंच हळद-मीठ चोळलं. खरं-खोटं खाडीला ठाऊक.

मग चौथं बोईट घेऊन आवडी दुपारच्या ओहोटीला बांधावर गेली. बायका दगडांवर उतरत नसत, पण बांधावर गवत कापायला कुणाची मनाई नव्हती. गावाची पाठ वळल्यावर तिनं ते दोरीला बांधून पाण्यात सोडलं. पाणी त्या दिवशी नितळ होतं. दाराच्या सावलीतून एक जिताडा वर आला. जिताड्यानं ते बोईट नीट पाहिलं, जसं एखादी बाई दुकानातलं नको असलेलं लुगडं बघते तसं, आणि वळून निघून गेला.

दुसरी कुणी असती तर उठली असती. आवडी बसली. ती दिवस मावळेपर्यंत बसली, दुसऱ्या दिवशी बसली, तिसऱ्या दिवशीही बसली. गवत कापून संपलं तर कापलेलंच पुन्हा कापल्यासारखं करू लागली. तिनं पाहिलं, की दारातून शेकडो बोइटं जातात, सगळी देखणी, सगळी सरळ. जिताडा त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. मग एखादं येतं, कुठं आपटलेलं, एका अंगावर कललेलं, चार वेळा पुढं जाऊन पाचव्यांदा चुकणारं. आणि पाणी फाटतं.

आवडी घरी आली आणि तिनं पाती हातात घेतली.

इथं थोडं थांबायला हवं, कारण ही गोष्ट वाटते तितकी सोपी नव्हती. बापानं तिला एकच शिकवलं होतं: डावं उजव्याला भेटलं पाहिजे. बाशिंग एका बाजूला तिळाएवढं कमी असलं तरी संसार वाकडा होतो. चौदा वर्षं तिच्या हातानं वाकडं कापलं नव्हतं. असं म्हणतात, की त्या दिवशी पाती तीनदा भेंडाला टेकली आणि तीनदा आपोआप मागं आली. चौथ्यांदा आवडीनं डोळे मिटले आणि बोइटाच्या डाव्या अंगाची एक फाक उडवली.

झालं बोईट लंगडं. पण तिनं ते डबक्यात ओढून पाहिलं तर नुसतं लाकूड ओढल्यासारखं आलं. लंगडं होतं, जिवंत नव्हतं. तिचा हात पडला बाशिंगवाल्याचा, केसभर न हलणारा. त्या हाताला लंगडणं कुठून येणार?

अवसेला एक दिवस राहिला.

त्या सकाळी तिनं सासऱ्याला पेज दिली. धाकूनं वाटी उचलली. वाटीतली पेज हलू लागली. काठापासून मधोमध, मधून काठाकडे, बारीक बारीक लाटा, एक चुकायची, पुन्हा सुरू व्हायची. चार महिने आवडी त्या वाटीकडे बघायचं टाळत होती, म्हाताऱ्याला संकोच वाटू नये म्हणून. आज ती बघतच राहिली.

“काय गो पोरी? सांडली काय?”

“मामा,” आवडी म्हणाली, “पेज राहू द्या. जरा मागं चला.”

डबक्याच्या काठी तिनं दोरी त्याच्या हातात दिली. धाकूनं धरली, हात कापला, आणि पाण्यातल्या भेंडाला जीव आला. ते चार वेळा पुढं गेलं, पाचव्यांदा चुकलं, एका अंगावर कललं, सावरलं, पुन्हा कललं. यमू मागल्या दारात आली होती. तिच्या हातातलं सूप खाली आलं. “अगो बाय,” ती म्हणाली, “जखमी हाय गो ते.”

मग दिवसभर तिघं तिथंच. धाकू दोरी धरी, आवडी बघे, कधी शिसं रतीभर खरवडे, कधी शेपटीचं पीस एका केसानं कमी करी. ती आता बोइटाच्या मापानं कोरत नव्हती, धाकूच्या कापऱ्याच्या चालीनं कोरत होती. कोंबड्याला यमूनं स्वतः धरलं.

अवसेच्या दुपारी ओहोटी लागली. सात माणसं सात दगडांवर बसली. बांधावर गाव जमलं होतं, कारण दगड जाताना बघायला माणसं फुकट येतात.

धाकूच्या दोरीला चकाकतं काही दिसलं आणि पोशा ओरडला, “आजा, बाशिंग बांधून कुणाला नवरा करतोस? जिताड्याला काय?”

“करवली तू हो,” धाकू म्हणाला, आणि त्यानं दोरी सोडली.

पाणी उतरू लागलं. एकाला बारका जिताडा लागला, दुसऱ्याला लागला. सातवा दगड गप्प. पाणी आणखी उतरलं. दाराचे खालचे खिळे उघडे पडायला आले. ते दिसले की ओहोटी संपली, उधाण संपलं. असं म्हणतात, की त्या दिवशी पाणी त्या खिळ्यांपाशी येऊन थांबलं. ना खाली ना वर. खाडीलाही बघायचं होतं.

आणि पाणी फाटलं.

दोरी अशी ताणली की ती वाजू लागली, म्हणे पल्याडच्या गावात कुणी तुणतुणं छेडतंय असं वाटलं. धाकू दगडावरून पुढं ओढला गेला, गुडघ्यावर आला. बांधावर आवडी उभी होती. चार पावलांचं अंतर, पण दुसऱ्याच्या दोरीला हात लावायचा नाही. तिनं आपल्या मुठी इतक्या आवळल्या की बांगड्या पिचल्या.

“मामा, दगडाला!” ती पुटपुटली, स्वतःलाच ऐकू जाईल एवढं. धाकूनं ऐकलं असेल की चाळीस वर्षांच्या अंगानं ऐकलं असेल, त्यानं दोरीचा वेढा दगडाला मारला. मासा ओढी आणि दगड हले. मासा थके आणि म्हातारा एक हात दोरी घेई. असं किती वेळ चाललं याचं माप कुणाकडे नाही. दगडावर दोरीची खाच पडली, ती बोट घालून अजून बघता येते.

वर आला तो जिताडा दारापेक्षा लांब होता. त्याचं एक खवलं पुढं कितीतरी वर्षं यमूनं भात वाढायला वापरलं.

पोशा सगळ्यांत आधी बोलला. “हा काय धरला म्हणायचा? खोटं दाखवून फसवलाय त्याला.”

गोमा कारभाऱ्यानं माशाचा जबडा उघडला. आत आवडीचा गळ होता, आणि त्याच्या आजूबाजूला सहा जुने, गंजलेले गळ. गोमा ते बघत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला. पहिला त्याचाच होता. दुसरा पोशाचा. बाकीच्या प्रत्येक दगडाचा एक.

“तुम्ही खरं दाखवलंत,” धाकू धापा टाकत म्हणाला. “तो खरं खाऊन गेला.”

त्यावर सगळ्यांत मोठ्यानं पोशाच हसला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

दगड राहिला. पुढं त्या उघाडीवर जिवंत बोईट टोचणं हळूहळू बंदच झालं. शेंदरखारात आजही भेंडाच्या बेगड्या, म्हणजे अशी खोटी बोइटं, होतात आणि घरोघरच्या बायकाच ती कोरतात. एकीसारखी दुसरी नसते. पोशा भारी उतावळा, हिसडे देणारा, त्याची बेगडी जड असे, हिसड्यानं फक्त मान डोलवणारी. गोमा दगडावर पेंगायचा, त्याची पाण्याच्या ओढीवर आपली आपण लंगडायची. सातवा दगड आता कुठल्याच घराचा नाही. गावात ज्याचे हात कापतात त्याचा तो. अवसेच्या उधाणाला पहिला गळ त्यानं टाकायचा, मग बाकीच्यांनी. बाजारातून तयार बेगडी आणून तिथं बसलेला माणूस अजून तरी कुणी पाहिलेला नाही. शहरातून कुणी हौशी येतो, चांगली बेगडी मागतो, तेव्हा कोरणारी बाई पाती खाली ठेवते आणि त्याला तेच म्हणते, जे आवडी त्या दुपारी म्हणाली होती.

कारण त्या दुपारी गोमा कारभाऱ्यानं माशाच्या तोंडातून ती बेगडी काढली. उलटीपालटी करून पाहिली, तिची उडवलेली फाक पाहिली, आणि बांधाकडे वळून जरा नरम आवाजात म्हणाला, “सूनबाय, आम्हालाही कर गो असल्या. सहा कर. सगळ्या अगदी एकसारख्या.”

आवडीनं डोईवरचा पदर सारखा केला. बायका जिथं उतरत नसत तिथं ती उतरली, सहाही दगडांसमोर उभी राहिली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“आधी हात दाखवा.”