धपाटा नाकारणारी डबी

टीव्ही माणसांसारखे बोलायचे, तेव्हाची गोष्ट. चित्रात मुंग्या आल्या की पाठीत धपाटा खायचा आणि का ते विचारायचं नाही, असा त्यांच्यात नियम होता. त्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता जुनं प्रक्षेपण कायमचं बंद होणार होतं. म्हातारा टीव्ही भंगारात जाऊ नये म्हणून मालकांनी त्याला नवं प्रक्षेपण पकडणारी डिजिटल डबी जोडली.

“सूनबाई, धपाट्यांची सवय करून घे,” टीव्ही गुरगुरला.

“मी नाही का वीस वर्षं कान पिळून घेतले!” गच्चीवरून अँटेना ओरडली.

डबी उसळली. “मामंजी, माझ्याकडे मुंग्या येतच नाहीत. सिग्नल आला तर चित्र स्वच्छ, नाही आला तर काहीच नाही. मग मार कशाला? मी खाणार नाही. पटत नसेल तर काढा मला!”

तेवढ्यात सहा वाजले आणि जुनं प्रक्षेपण थांबलं. टीव्हीने डबीची वायर घट्ट धरली.