इंजिनाला लागलेला हात

फार फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका. तेव्हा राजे होते, रथ होते, आणि डोंगराखालच्या एका गावात एक मोटारसायकलही होती. पटत नसेल तर नका मानू, पण ऐका.

ती मोटारसायकल दोन भावांची होती. वडील दोघांत मिळून ती एकच ठेवून गेले होते, आणि तिच्यावरून घरात कधी तंटा झाला नव्हता.

थोरला कामाला चोख, पण स्वभावाने भारी संशयी. दूध पातळ लागलं तर त्याला गवळ्याचा संशय येई, आणि घट्ट लागलं तर जास्तच येई.

एकदा गाडीच्या इंजिनाचा रंग पार उडाला. रंगाऱ्याकडे द्यावं, तर तो आतला चांगला भाग काढून घ्यायचा! म्हणून थोरल्याने घरीच इंजिन खोललं. त्याची झाकणं रॉकेलने धुतली, जुना रंग खरवडून काढला, साबणाचं पाणी मारून ती उन्हात वाळवली आणि माजघरात तारेला टांगून ठेवली.

"याला कोणी बोट लावायचं नाही," त्याने घरात बजावलं. "हाताचं तेल लागलं की रंग धरत नाही."

धाकटा मान डोलावून शेतावर गेला. थोरल्याच्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकली. कोणी हात लावलाच असला तर? डोळ्यांना काही दिसेना, म्हणून त्याने झाकणावर बोट फिरवून पाहिलं. चिकट लागलं नाही. पाणी प्यायला उठला तेव्हा पुन्हा पाहिलं. जेवण झाल्यावर सगळीच झाकणं एकेक करून चाचपली. मग कुठे अस्तर दिलं आणि वर रंगाचे पातळ थर चढवले.

थोड्याच दिवसांत रंगाचे पोपडे निघाले. जिथे निघाले तिथे बोटांएवढे डाग दिसत होते.

"तूच हात लावलास!" थोरला धाकट्यावर कडाडला. "गाडी खराब दिसावी, मी ती विकावी, हेच तुझ्या मनात आहे!"

"दादा, तू विचारतोयस की सांगतोयस?"

"सांगतोय!"

धाकट्याने कपड्यांचं गाठोडं बांधलं आणि घाटापलीकडे मामाच्या गावी निघून गेला. वहिनी दारापर्यंत धावली, पण तो थांबला नाही.

थोरल्याने झाकणं पुन्हा खरवडली, धुतली, टांगली. या खेपेला माजघराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. तरीही चैन पडेना. खिडकीतून कोणी हात घातला तर? बायकोकडे दुसरी किल्ली असली तर? कुलूप काढून तो सारखा आत जाई आणि झाकणं चाचपून येई.

रंग दिला. पुन्हा पोपडे निघाले.

पोपडा हातात घेऊन त्याने बायकोकडे रोखून पाहिलं.

"माझ्याकडे बघू नका," ती म्हणाली. "कुलूप तुमचं, किल्ली तुमच्या कमरेला. भावजी तर गावातसुद्धा नाहीत. दिवसभर आत जाऊन त्या झाकणांना हात कोण लावत होतं, ते तुम्हीच सांगा."

थोरला आपल्याच बोटांकडे बघत राहिला. मग त्याला रडू कोसळलं.

तो तसाच घाट चढून मामाच्या गावी गेला. "चूक माझी होती," तो म्हणाला. "घरी चल."

धाकट्याने त्याला पाणी दिलं, पोटभर जेवू घातलं. मग म्हणाला, "दादा, तुझ्यावर राग नाही माझा. पण तुझ्या घरात आता कशाला हात लावावा आणि कशाला लावू नये, हे मला कळायचं नाही. मी इथेच बरा."

थोरला एकटाच घाट उतरून घरी आला. धाकटा पुन्हा कधी त्या घरात राहायला आला नाही.

म्हणून लहानांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, एवढं ध्यानात ठेवा: संशयी माणूस जे जपायला जातो, ते त्याच्याच हातून बिघडतं.