क्षेत्रपाळानं तोंड का फिरवलं

पूर्वी कृतयुगात, देव माणसाच्या एका हाकेला ओ देत व्हते, तवाची ही गोष्ट. तवा धरतीला डोंगर व्हते, वारूळं व्हती, पण शीव कुणी आखली न्हवती. नद्या या राज्यातनं त्या राज्यात बिनबोभाट जायच्या, आन त्यांच्या मागनं माणसंबी.

त्या काळी शुभ्रांगद नावाचा राजा व्हता. सिंहासारखी छाती, गजराजासारखी चाल, आन मन म्हणाल तर कोंबडीच्या खुराड्याएवढं. शेजारच्या वालुक देशात दुष्काळ पडला. माणसं अलीकडं याया लागली, तसं राजाच्या पोटात दुखाया लागलं. त्यानं घोर तप मांडलं. ब्रह्मदेव परसन्न झाले.

"हे चतुरानना! मी राज्याभोवती नांगराने रेघ ओढीन. तिच्या आत जो जन्मला नाही, त्याचे पाऊल आत येताना जळून जावे!"

ब्रह्मदेवानं चारी तोंडं वाकडी केली. पण देवाची गोची अशी, की तप केलं तर वर द्यावाच लागतो, मागणारा कितीबी हलकट आसंना. "तथास्तु," म्हणाले. "पण रेघ कुणाचं तोंड बघणार न्हाई. आत उभ्या असलेल्या माणसानं आपल्या हातानं ज्याच्या पायावर पाणी घातलं, त्यालाच ती सोडंल."

राजानं रेघ ओढली आन तिच्या राखणीला शिवाराचा देव क्षेत्रपाळ बसवला. अंगभर शेंदूर, हातात गदा. आधी त्याचं काम वाटसराला सावलीत बसवायचं. आता एकच, "माघारी फिरा" म्हणायचं. म्हणून म्हणून त्याच्या तोंडाची चव गेली. देवाघरचा नैवेद्यबी त्याला कडू लागाया लागला.

एक दिवस वालुकातनं वेत्रा नावाची कुंभारीण आली. डोक्यावर रिकामा घडा, कडेवर लेकरू. लेकराचे ओठ भेगाळलेले.

"देवा, माझं जाऊ द्या. पोराच्या पायावर तरी पाणी घाला."

"बाई, मी देव पडलो, माझ्या पाण्यानं भागत न्हाई. माणूस पायजे," क्षेत्रपाळ म्हणाला, आन रेघेच्या आत उभ्या राजाच्या शिपायांकडं बघितलं. शिपाई आभाळाकडं बघाया लागले.

तेवढ्यात राजाचा रथ आला. संगं म्हातारी राजमाता.

राजा गरजला, "हे परकीये! या पुण्यभूमीत तुजसारखीला तिळाएवढीही जागा नाही!"

"जागा नगं महाराज. गडवाभर पाणी द्या."

उलट उत्तर ऐकून राजा पिसाळला. उडी मारून रेघेपल्याड गेला आन बाईच्या घड्याला लाथ घातली. खापऱ्या झाल्या. राजा मिशीला पीळ देत माघारी वळला, रेघेवर टाच टेकली, आन चर्र!

"आगं आई गं! क्षेत्रपाळा, रेघ बिघडली रं!"

"रेघ धडधाकट हाय. महाराजांचा जन्म कुठला?"

"राजवाड्यातला! आणिक कुठला?"

रथातनं राजमाता बोलली, "आरं खुळ्या, पहिलं बाळंतपण कुणी सासरी करतं व्हय? माझ्या बापानं पालखी धाडली व्हती. तुझी नाळ वालुकातच पुरलीया."

शिपायांत जेवढे थोरले लेक व्हते, ते गुमान आपापल्या पायाकडं बघाया लागले.

"आईसाहेब, पाणी!" राजा एका पायावर नाचत व्हता. तप करताना उभा व्हता, तसाच.

म्हातारी गडवा घेऊन रेघेपाशी आली. पाणी वतलं ते आधी लेकराच्या पायावर, मग वेत्राच्या. "माझ्या माहेरची माणसं ती. आधी पाव्हणा, मग घरचा." उरलेलं राजाच्या टाचेवर. तिघंबी आत आली.

क्षेत्रपाळ वाट बघत व्हता. आता तरी हा शाणा हुईल. राजानं शेल्याला पाय पुसले आन पहिला हुकूम सोडला, "आजपासून या रेघेवर पाणी घालण्यास बंदी!"

"थू!" क्षेत्रपाळ थुंकला. "ज्या पाण्यानं आत आलास, तेच मागच्याला तोडतोस? जा, तुझे तळपाय कधी निवणार न्हाईत! परका दिसला की त्यांची आग मस्तकात जाईल, आन का, ते तुला सांगता येणार न्हाई!"

एवढं बोलून त्यानं तोंड फिरवलं, आन किळसेनं दगड झाला.

तवापासनं दारात आलेल्याच्या पायावर आधी पाणी घालत्यात, नाव मागनं इचारत्यात. आन शिवेवर कुणी "भायेर काढा, भायेर काढा" म्हणून नाचताना दिसला, तर त्याच्याशी वाद घालू नये. राजाचाच वंश तो. त्याच्या आजीचं माहेर तेवढं इचारावं.